साहेब केबिनबाहेर येईनात

"वय झालंय" हे काय निदान झालं? गुडघा दुखतोय, वय झालंय. झोप लागत नाही, वय झालंय. ज्याला काही कळत नाही तो हे दोन शब्द फेकतो आणि मोकळा होतो. एकाच महिन्यात मी ते दोनदा ऐकले. एकदा आईच्या डॉक्टरांकडून आणि एकदा सशाच्या. दुसऱ्या वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी जनावरांच्या डॉक्टरांना म्हटलं, "चार वर्षांचा आहे हो तो. तुमच्या टेबलाचंही वय त्याच्यापेक्षा जास्त असेल." ते हसले. मी हसले नाही.

मला घरात ठिणगी म्हणतात, ते उगाच नाही. मी फरशा पॉलिश करते. वडीलही तेच करायचे. त्यांच्याकडून मला मशीन मिळालं, दोन्ही खांद्यांचं दुखणं मिळालं आणि नाकावरचा रागही मिळाला. दादाला यातलं काहीच मिळालं नाही, म्हणून तो औषधांच्या गोदामात मॅनेजर झाला. नवरा आहे मला, पण दुसऱ्या गावात, दुसऱ्या बाईच्या घरी. सुखात असू दे, माझं काही म्हणणं नाही. लेक नोकरीसाठी परगावी गेली आणि जाताना तिचा ससा माझ्या गळ्यात बांधून गेली.

त्या सशाचं नाव साहेब. नाव लेकीनंच ठेवलं. हॉलच्या कोपऱ्यात खिडकीखाली त्याचं लाकडी घर आहे, त्याला आम्ही केबिन म्हणतो. रोज संध्याकाळी केबिनचं दार उघडलं की साहेब टुणकन बाहेर यायचे, हॉलला दोन चकरा मारायचे, सोफ्याखालची तपासणी करायचे आणि मग आईच्या खोलीत जाऊन तिच्या खुर्चीशी बसायचे. आई त्याला दिवसभराच्या बातम्या सांगायची. ती चाळीस वर्षं हॉस्पिटलमध्ये टेलिफोन ऑपरेटर होती. बोलल्याशिवाय तिला करमत नाही, आणि ससा मध्ये बोलत नाही, एवढ्यावर त्यांचं छान जमलं होतं.

तर दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी बाहेर येणं बंद केलं. दार सताड उघडं, आणि साहेब आत बसून बघतायत. पाला खायचे, पाणी प्यायचे, कान हलवायचे, पण बाहेर म्हणून पाऊल टाकायचे नाहीत. मी म्हटलं, रुसला असेल. लेकीची आठवण येत असेल. मग म्हटलं, बाहेरच्या मांजरानं खिडकीतून घाबरवलं असेल, म्हणून खिडकीला पुठ्ठा लावला. मग वाटलं, पॉलिशच्या पावडरचा वास येत असेल, म्हणून आठवडाभर दारं उघडी टाकली. केबिन या भिंतीवरून त्या भिंतीला नेली. काही फरक नाही. डॉक्टरांनी दात बघितले, पोट दाबून बघितलं, कानात बॅटरी मारली आणि ते वर सांगितलेले दोन शब्द बोलले.

लेक रोज फोनवर विचारायची. "आई, आला का बाहेर?"

"नाही गं. साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"चेष्टा करू नकोस. काहीतरी कारण असणार. तू शोध."

शोध म्हणे. मला का दुसरं काही काम नाही? खरं तर तेव्हा माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं, कारण घरात दुसरं आणि सशापेक्षा मोठं संकट चाललं होतं. आईनंही खोलीबाहेर येणं बंद केलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग एवढं सरळ दिसत असताना तुझ्या डोक्यात प्रकाश कसा पडला नाही? नाही पडला. का नाही पडला तेही सांगते.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. खोलीत बसायला लागेपर्यंत ती रोज सकाळी हॉलमध्ये चाळीस फेऱ्या मारायची, मोठ्यानं मोजत. स्वयंपाकघरात येऊन माझ्या भाजीत मीठ कमी आहे असं सांगायची. मग एक दिवस म्हणाली, "माझा चहा इकडेच आण." दुसऱ्या दिवशी जेवणही इकडेच. न्हाणीघर तिच्या खोलीला लागूनच आहे, त्यामुळे बाहेर यायची गरज अशी उरली नाही. खोलीचं दार उघडं ठेवून ती खुर्चीत बसायची आणि हॉलकडे बघत राहायची. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "मला बाहेर काय काम आहे?" जास्त विचारलं की अंगावर यायची. एकदा मी म्हटलं, अंघोळीला मदत करू का, तर अशी ओरडली की शेजारची बाई दारात आली.

दादानं डॉक्टर आणले. डॉक्टरांनी आईला विचारलं, "आज वार कोणता?" आई म्हणाली, "तुमच्याकडे कॅलेंडर नाही का?" डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग बाहेर येऊन म्हणाले, वय झालंय, या वयात माणसं अशी आत आत जातात, दिवसभर घरात एकटं ठेवणं बरं नाही. दादानं मान डोलावली. दादा याद्या करणारा माणूस आहे. त्यानं तीन जागा बघून ठेवल्या होत्या, त्यातली एक नक्की केली. वृद्धाश्रम हा शब्द तो तोंडातून काढत नाही. 'तिकडे' म्हणतो. तिकडे नर्स आहे, तिकडे बाग आहे, तिकडे तिच्या वयाची माणसं आहेत. "तू दिवसभर कामावर. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला. हिला काही झालं तर कळणार तरी कसं?"

आणि मी हो म्हणाले. लपवत नाही. त्या दिवशी मी सलग दहा तास मशीन धरून आले होते, आईनं ताट तसंच ठेवलं होतं, आणि मी दमले होते. म्हटलं, ने बाबा. शनिवारी सकाळी दहा वाजता गाडी येणार असं ठरलं. आईला सांगितलं तेव्हा तिनं रिकामा कप माझ्यापुढे धरला, घेऊन जा म्हणून. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी मी दुपारीच घरी आले. आईचं सामान भरायला दादा शनिवारीच येणार होता, पण घरात शांत बसवेना. हात रिकामे राहिले की मला वेड लागतं. म्हणून साहेबांची केबिन साफ करायला घेतली. केबिन सशासकट उचलून मागच्या अंगणात नेली आणि दार उघडलं. म्हटलं, याला आता हातानं ओढून काढावं लागणार.

साहेब एकदम बाहेर! मी ब्रश उचलेपर्यंत भिंतीपाशी. मग परत. मग मध्येच हवेत अशी गिरकी घेतली की मी तोंडावर हात ठेवून बघत राहिले. अंगणात साधं खडबडीत सिमेंट आहे. त्यावर तो दहा मिनिटं नुसता धावला. दुखणं नाही, रुसवा नाही, वय तर नाहीच नाही.

केबिन धुतली, पुसली, परत हॉलमध्ये आणून ठेवली. दार उघडलं. साहेब पुन्हा गप्प. मी गाजर घेतलं आणि दारापासून हातभर अंतरावर फरशीवर ठेवलं, आणि पालथी पडून बघत राहिले. मोह त्यालाही होता. मान लांब केली, मिशा हलवल्या, एक पुढचा पाय खाली टेकवला. पाय सरकला. दुसरा टेकवला, तो बाजूला गेला. मग दोन्ही पाय घाईघाईनं ओढून घेऊन तो मागच्या भिंतीला चिकटून बसला.

मी त्याला उचललं आणि तळवा उलटा करून बघितला. मांजराच्या तळव्याला गादी असते, कुत्र्याच्या असते. सशाला नसते. नुसते केस. लोकरीचा मोजा घातल्यासारखा पाय.

मोजा, मी मोठ्यानं म्हटलं.

मी मान वर केली. आई तिच्या दारात खुर्चीवर बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. पायात लोकरीचे मोजे. तिच्या पायांना गार लागतं, म्हणून ती बाराही महिने मोजे घालते. चप्पल तिला आवडत नाही.

आता फरशीचं सांगते. आमच्या हॉलची फरशी जुनी, दगडी, वडिलांच्या वेळची. अडीच महिन्यांपूर्वी एका मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरचा निरोप आला. त्यांना पूर्ण हॉटेलच्या फरशा करून घ्यायच्या होत्या, पण आधी माझ्या हातचं काम बघायचं होतं. मी म्हटलं, माझ्या घरी या. मग रोज कामावरून आल्यावर घासत बसले. अकरा दिवस. मशीनला लावायच्या खरखरीत दगडापासून सुरुवात करून बारीक, त्याहून बारीक, शेवटी पावडर. आमच्या धंद्यातली माणसं फरशीकडे सरळ बघत नाहीत, खाली वाकून तिरकं बघतात, खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब किती स्पष्ट पडतं ते. माझ्या फरशीत गज मोजता येत होते. मधली चटई मी गुंडाळून टाकली, नमुना कोणी झाकून ठेवतं का? दादा त्याच्या ऑफिसातले लोक घेऊन बघायला आला. सगळे म्हणाले, आरसा आहे आरसा. मॅनेजरनं दोनदा येणं पुढे ढकललं आणि शेवटी येत्या सोमवारचं नक्की केलं.

चकचकीत म्हणजे चांगली, हे मी जन्मापासून ऐकलेलं. त्यात काही वाईट असेल असं आमच्या घरात कुणाच्या बापाच्याही मनात आलं नसतं. आणि आम्हाला कळणार तरी कसं? दिवसभर पाण्यात उभं राहायचं म्हणून जाड रबरी तळव्याचे बूट, आणि सवयीनं तेच घरात. वडीलही तसेच वावरायचे. मी त्या फरशीवर दोन महिन्यांत एकदाही बूट काढून चालले नव्हते. आईच्या खोलीला मी हात लावला नव्हता, कारण ती नमुन्यात येत नव्हती. तिथं जुनीच खडबडीत फरशी होती.

मी साहेबांना आत ठेवलं. बुटांच्या नाड्या सोडल्या. मोज्यांवर उभी राहिले आणि आईच्या दाराकडे निघाले. एक पाऊल, दोन पावलं. तिसऱ्याला पाय पुढे गेला आणि मी मागे. अशी आपटले की दात वाजले. छताकडे बघत पडून राहिले.

"लागलं का?" आईनं विचारलं.

"नाही."

"मग बरंय. मी याच्या थोडी अलीकडे पडले होते."

मी पडल्या पडल्याच मान वळवली. "कधी?"

"तुझी फरशी झाली त्याच्या चौथ्या दिवशी. तू कामावर होतीस. फेऱ्या मारत होते, सातवी फेरी होती." आकडे ती विसरत नाही. "उभंच राहता येईना. हात टेकला की हात सरकायचा. मग पोटावर सरकत खोलीत गेले. दीड तास लागला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"मांडी काळीनिळी झाली होती. म्हणून तर अंघोळीच्या वेळी ओरडले तुझ्यावर. तू बघितली असतीस."

"अगं पण का? तोंड शिवलं होतं का तुझं?"

आईनं घसरलेला मोजा वर ओढला. "पडले म्हणाले असते तर दादानं त्याच दिवशी सामान बांधलं असतं. त्याच्या यादीत पहिलं तेच आहे, पडली की तिकडे. म्हटलं, पडायचंच नाही. खोलीत बसलं की माणूस पडत नाही." मग फरशीकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि तू ही करताना गाणं म्हणत होतीस. तुझा नवरा गेल्यापासून मी तुझं गाणं ऐकलं नव्हतं. मी कशाला सांगू?"

मला काय झालं ते मला सांगता येत नाही. मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या. साठ दिवस माझी आई माझ्या डोळ्यांसमोर कोंडून बसली होती, कोंडणारी मी होते, आणि वर तिलाच वेड लागलंय म्हणून मी तिला 'तिकडे' पाठवायला निघाले होते. मी तशीच सरकत सरकत तिच्या उंबऱ्याशी गेले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून रडले. ती म्हणाली, "पुरे. नाक पूस."

दादाला फोन लावला. सगळं सांगितलं. सशापासून सुरुवात केली ही माझी चूक झाली.

"ठिणगे," तो म्हणाला, "तू सशाच्या पायावरून आईचं ठरवणार?"

"मी स्वतः पडले रे!"

"म्हणजे ती आधी पडलीय, आणि आपल्याला माहीतसुद्धा नव्हतं. मी काय म्हणतोय मग? तिनं साठ दिवस पाऊल बाहेर टाकलेलं नाही. आता पायात जोर तरी राहिलाय का? उद्या दहाला येतो. गाडी सांगितलीय."

मी फोन ठेवला आणि गुंडाळलेली चटई काढून हॉलमध्ये अंथरली. तिच्यावर पाय ठेवला तर चटईच मला घेऊन निघाली. त्या फरशीवर काहीच टिकत नव्हतं. माझं कामच तेवढं चांगलं होतं, काय सांगू.

मी सोफा ओढून स्वयंपाकघरात नेला. टेबल नेलं. आई बघत होती.

"काय चाललंय?"

"उद्या चमक मारणार."

"शुद्धीवर आहेस का? सोमवारी माणूस यायचाय."

"येऊ दे."

"अकरा दिवस घासलीस तू ती."

"आणि तू साठ दिवस बसलीस. बोलू नकोस मला काही."

शनिवारी सकाळी सात वाजता मशीन हॉलमध्ये आणलं. साहेबांची केबिन अंगणात. पाणी टाकलं. सगळ्यात खरखरीत दगड घेतला नाही, त्यानं पायाला टोचलं असतं. त्याहून जरा बारीक घेतला, पाय धरून ठेवेल असा. सुरू करण्याआधी एकदा वाकून तिरकं बघितलं. खिडकी दिसत होती, गज दिसत होते, आणि माझं तोंडही. एवढं सुंदर काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि पुन्हा होईल की नाही माहीत नव्हतं. पाच मिनिटं मी तशीच उभी राहिले. मग बटण दाबलं.

आरसा करायला अकरा दिवस लागतात, घालवायला सकाळ पुरते. मशीन जिथून जायचं तिथं फरशी पांढरी पडायची. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण पहिली पट्टी झाली आणि मला चक्क जोर चढला. ने म्हणे. तिकडे म्हणे. वय झालंय म्हणे. एकेका शब्दाला मी एकेक पट्टी घासली.

दादा दहाला पाच कमी असताना आला. इस्त्रीची पँट, हातात फाईल. दार उघडून बघतो तर हॉलभर पांढरा चिखल आणि मध्ये मी.

"अगं, काय केलंस हे? ती फरशी... ठिणगे, बंद कर ते!"

मला ऐकू येत होतं. मी बंद केलं नाही.

तो भिंतीच्या कडेकडेनं, पँट वर धरून, आईच्या खोलीत गेला. आत बोलणं झालं, मला मशीनमुळे कळलं नाही. थोड्या वेळानं तो आईची बॅग भरून घेऊन बाहेर आला, चिखल तुडवत गेला आणि बॅग त्यानं बाहेरच्या दाराशी ठेवली. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी मशीन बंद केलं.

"संपलं का?" तो म्हणाला.

"तीन पट्ट्या राहिल्यात. मग धुवायची, पुसायची. बस पायरीवर."

"गाडी थांबलीय."

"थांबू दे. तुझी गाडी आहे, विमान नाही."

"हे बघ, तुझा राग मला समजतो. पण फरशी खरडून आईचं वय कमी होणार आहे का?"

"नाही होणार. पण ती चालेल."

"आणि नाही चालली तर?"

साठ दिवस बसलेल्या बाईचे पाय कसे असतात ते मला काय माहीत? मी मशीन पुन्हा सुरू केलं.

सव्वाअकराला काम झालं. तीनदा धुतली, फडक्यानं कोरडी केली, पंखा लावला. फरशी अशी दिसत होती की कुणी गिऱ्हाइकानं बघितली असती तर मला दारातूनच घालवलं असतं. राखाडी, मुकी, धुतलेल्या पाटीसारखी. मी बूट काढले, मोज्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, मग मुद्दाम धावले. पाय धरत होता. दादा पायरीवरून बघत होता. त्याचा ड्रायव्हर पण बघत होता.

मी केबिन आणून कोपऱ्यात ठेवली आणि दार उघडलं. साहेबांनी नाक बाहेर काढलं. एक पाय टेकवला, तो टिकला. दुसरा टेकवला. मग थेट बाहेर. हॉलला चक्कर मारली, सोफा नाही हे बघून जरा गोंधळले, दाराशी गेले, आईच्या बॅगेचा वास घेतला आणि तिच्या चाकापाशी निवांत लघवी केली.

"शी!" दादा म्हणाला, पण त्याला हसू आलं होतं. मग लगेच आवरून म्हणाला, "ससा आला म्हणून आई येईल असं थोडंच आहे?"

"बॅग कुणाला विचारून उचललीस?" आतून आवाज आला.

आई उठून उभी होती. खुर्चीच्या पाठीला एक हात. मी पुढे झाले तर म्हणाली, "हात लावायचा नाही." दादा पायरीवरून उठला, त्यालाही तेच सांगितलं, त्याच आवाजात.

उंबऱ्याशी ती थांबली. किती वेळ ते मला माहीत नाही. मग तिनं पाय बाहेर टाकला, मोजा फरशीवर दाबून बघितला, आणि "एक" म्हणाली. पायाचा अंदाज घेत, हात जरा बाजूला धरून, एकेक पाऊल मोजत ती आली. पाचव्या पावलाला डोलली. तिनं स्वतःला सावरलं, त्याच पावलाचा आकडा पुन्हा म्हटला आणि पुढे आली. बारा पावलांत दार. बॅगेचा दांडा तिनं दादाच्या हातासमोरून घेतला.

"आई," दादा म्हणाला. "मला भीती वाटते गं. रोज फोन वाजला की वाटतं, तू पडलीस म्हणून सांगतायत. बाकी काही नाही. खरंच बाकी काही नाही."

एवढ्या वर्षांत दादाला असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. माझा अर्धा राग तिथंच गळून पडला, मला आवडलं नाही तरी.

"मलाही वाटते," आई म्हणाली. "म्हणून काय आत बसू? साठ दिवस करून बघितलं ते. आणि पडले नाही, हे खरं. पण मी होते कुठे?"

फाईल त्याच्या काखेत होती, ती त्यानं उघडली नाही.

"बाहेर त्या ड्रायव्हरला चहा विचार," आई म्हणाली. "उन्हात उभा केलायस त्याला."

तिनं बॅग वळवली आणि तिच्या ओल्या चाकाची रेघ मागे सोडत खोलीकडे निघाली, पुन्हा एकपासून मोजत. दादा तिच्या मागून दोन्ही हात पसरून चालत होता, चालायला शिकणाऱ्या मुलामागे चालावं तसा. आईनं मागे वळूनही बघितलं नाही.

"चार," ती म्हणाली. "हात खाली घे. पाच."